माझ्या मनगटाच्या मापाचा बेस : नोंदी

१२ जानेवारी

आजपासून लिहून ठेवतेय, नाहीतर काय कधी आणि का ठरवलं ते सगळं विसरून जाईन. हाताने बनवलेला बेस गिटार घ्यायचाय, एकट्याने काम करणाऱ्या लुथिअरकडून (गिटारसारखी तंतुवाद्यं घडवणारा कारागीर), माझ्या मापाचा. कारण सरळ आहे, पाच महिने झाले डावं मनगट दुखतंय. डॉक्टरांनी सांगितलं की मनगट वाकवून बोटं ताणायची कमी करा, आणि माझा सध्याचा बेस नेमकं तेच करायला लावतो. फॅक्टरीतला, पाच तारांचा, ३५ इंच स्केल (म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब). वजन आज वजनकाट्यावर बघितलं, ४.९ किलो. घेतला तेव्हा दुकानात बसून दहा मिनिटं वाजवला होता, उभं राहून पट्टा लावून एकदाही नाही, आणि विकणाऱ्यानेही सांगितलं नाही की उभं राहून बघा.

डोक्यात आत्ता जे चित्र आहे ते असं: चार तारांचा, छोटा स्केल, हलका. लहान हात म्हणजे छोटा बेस, एवढाच हिशोब केलाय. आणि फोटोत बघून आवडलेलं एक गडद, रेघारेघांचं लाकूड.

१९ जानेवारी

सध्याच्या बेसची सगळी मापं घेतली. नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ४७ मिमी, ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तिथे) दोन तारांमधलं अंतर १९ मिमी, पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) नेकची, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याची, जाडी २२.५ मिमी. पट्टा लावून आरशासमोर उभी राहिले आणि मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढला. पहिल्या फ्रेटवर हात गेला की कोपर पूर्ण सरळ होतं आणि मनगट आत दुमडतं, आणि हात काढला की नेक स्वतःहून खाली जातो. म्हणजे डाव्या हाताने मी अर्धा वेळ स्वर धरतेय आणि अर्धा वेळ नेक उचलून धरतेय. इतकी वर्षं वाजवतेय पण हे कधी बघितलंच नव्हतं.

अजून एक, जी तारेवर (सर्वात बारीक तार) सहाव्या फ्रेटचा स्वर (सी शार्प, १३८.६ हर्ट्‌झ) लगेच मरतो. पाचवा छान वाजतो, सातवा छान वाजतो, सहावा धप्प होऊन संपतो. तार बदलली तरी तेच.

३ फेब्रुवारी

तीन लुथिअरशी बोलून झालं.

पहिल्यांनी प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. छोटा स्केल? हो. हलका? हो. गडद लाकूड? हो. तीन किलोत बसेल? हो. मी म्हटलं मनगट दुखतं, त्यावर म्हणाले काळजी करू नका मस्त होईल. दुसऱ्यांचं काम डोळ्यांना फार सुंदर, लाकडाचे जोड दिसतच नाहीत, पण मागच्या चार बेसची वजनं विचारली तर फोटोच आले, दोनदा विचारलं तरी फोटोच.

तिसऱ्यांनी (यांना मी दादा म्हणते, पुढे तसंच लिहीन) किंमत, लाकूड काही बोलायच्या आधी विचारलं, "तुम्ही किती वेळ उभं राहून वाजवता, पट्टा कुठल्या उंचीवर, कुठली गाणी, सर्वात खालचा स्वर किती वेळा लागतो, अंगठा कुठे ठेवता, आणि आत्ताच्या बेसमधलं काय बदलायचं नाहीये?" शेवटच्या प्रश्नाला मला उत्तरच आलं नाही, दोन दिवस विचार करून लिहून पाठवलं: बी तारेचा (सर्वात जाड, पाचवी तार) आवाज आणि तिच्यावर अंगठा टेकवायची सवय.

त्यावर त्यांचा निरोप आला, "मग चार तारांचा का मागताय?"

११ फेब्रुवारी

गृहपाठ केला. बँडची बावीस गाणी घेऊन प्रत्येकात ई च्या (चार तारांच्या बेसची सर्वात खालची तार) खालचे स्वर मोजले. नऊ गाण्यांत येतात, त्यातल्या चारांमध्ये ते काढले तर गाणं पोकळ होतं. म्हणजे बी तार हवीच.

पण खरी गंमत दादांनी दाखवली. चार तारांवर खालचा एफ वाजवायचा तर ई तारेचा पहिला फ्रेट, हात नेकच्या टोकाला. पाच तारांवर तोच एफ बी तारेच्या सहाव्या फ्रेटवर मिळतो, हात शरीराजवळ, आणि तिथे फ्रेट एकमेकांच्या जवळ असतात. मी स्वतः आकडे काढून बघितले. स्केलला १७.८१७ ने भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, मग उरलेल्याला परत तसंच भागत जायचं. ३४ इंचाच्या स्केलवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर १३० मिमीच्या आसपास येतं, आणि पाचव्या ते आठव्याचं १०३ मिमी. सत्तावीस मिलिमीटरचा फरक! नुसता स्केल ३४ वरून ३० वर आणला असता तर पहिल्या चार फ्रेटमध्ये १५ मिमी वाचले असते. म्हणजे पाचवी तार माझ्या मनगटाला छोट्या स्केलपेक्षा जास्त सोपी पडू शकते, फक्त नेक रुंद होतो त्याचा बंदोबस्त करायला हवा. मी महिनाभर बरोब्बर उलट्या दिशेने चालले होते.

लुथिअर ठरला. बाकी दोघांना नम्रपणे नाही कळवलं.

२० फेब्रुवारी

आता स्केल. ३४ इंच हे माप १९५१ मध्ये लिओ फेंडरच्या प्रिसिजन बेसपासून रूढ झालं, आणि तो चार तारांचा होता. पाचवी तार आली तेव्हा बी सैल वाटते म्हणून बऱ्याच जणांनी ३५ इंच घेतलं. तार तीच आणि सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ३४ चं ३५ केलं की सहा टक्के वाढ. १३० जाडीच्या (म्हणजे ०.१३० इंच) बी तारेवर ताण साधारण १५-१६ किलो असतो, म्हणजे एका इंचाने जेमतेम एक किलो. आणि तेवढ्यासाठी माझा हात प्रत्येक फ्रेटला जास्त ताणला जातो.

दादांचं म्हणणं की बी ढिली वाजते त्यात इंचापेक्षा नेकच्या कडकपणाचा भाग मोठा असतो, आणि ३३ वर १३५ ची तार लावली की सहा टक्के परत मिळतात. मला पटायला वेळ लागला. शेवटी त्यांनी त्यांच्याकडच्या ३३ इंची पाच तारी बेसची बी वाजवून रेकॉर्डिंग पाठवलं, मी माझ्या ३५ इंचीची वाजवून दोन्ही पाठोपाठ हेडफोनवर ऐकले. ३३ वाली जास्त स्वच्छ. विषय संपला.

२ मार्च

पुठ्ठ्याचा बेस केला.

दादांनी बॉडीचा आकार खऱ्या मापात छापता येईल असा पाठवला, मी सोळा कागद चिकटवून जाड पुठ्ठ्यावर कापला, नेकसाठी लाकडाची पट्टी लावून त्यावर फ्रेटच्या रेघा मारल्या. खाली पाण्याची बाटली बांधून वजन दिलं. पट्ट्याचं वरचं बटण कुठे यावं ते शोधत दोन तास गेले. वरचं शिंग (बॉडीचं पुढे आलेलं टोक, ज्यावर ते बटण असतं) बाराव्या फ्रेटपर्यंत आलं की नेक आपोआप तोलला जातो आणि सगळा बेस उजवीकडे सरकतो, त्यामुळे पहिला फ्रेट जवळ येतो. शिंग तीन सेंमी आखूड केलं तर पहिला फ्रेट तेवढाच लांब गेला, आणि मनगटाने ते लगेच सांगितलं. स्केल मी इंचाइंचाने भांडून कमी करत होते आणि इथे एका स्क्रूच्या जागेत सेंटीमीटर पडले होते! ज्याला कुणाला असा बेस बनवून घ्यायचाय त्याने आधी पुठ्ठा कापावा, मनापासून सांगते.

१५ मार्च

लाकडाचा दिवस. रोजवूडचा फिंगरबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) हवा होता, बाहेर कार्यक्रमाला नेताना अडवतील का ही धाकधूक होती. डाल्बर्जिया म्हणजे शिसवीचं सगळं कूळ २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि तेव्हा वाद्यं सीमेपलीकडे पाठवताना कागदपत्रांचा मोठा घोळ झाला होता. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवूड मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. दादांकडे साध्या शिसवीची जुनी, वाळलेली फळी आहे, ती घेतोय.

गडद रेघांचं लाकूड बॉडीला नको म्हणाले. ते जड असतं आणि मला वजन कमी हवंय, दोन्ही एकदम मागता येत नाही. मी हट्ट सोडला. बॉडी ऑल्डरची, आतून दोन पोकळ्या काढून.

२९ मार्च

वर्कशॉपला जाऊन आले. भुशाचा आणि तेलाचा वास, भिंतीवर अर्धवट नेक टांगलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. एकदा तासला की तो दोन-तीन आठवडे तसाच लटकत ठेवायचा, लाकडातला ताण मोकळा होऊन जेवढं वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग परत सरळ रंधायचा.

मरणाऱ्या स्वराचं विचारलं. ते म्हणाले ती नेकची स्वतःची थरथर, प्रत्येक नेकची ठरलेली असते, वाजवलेला स्वर तिच्याशी जुळला की तारेतली ताकद नेक खाऊन टाकतो. माझ्या बेसच्या हेडस्टॉकला (नेकचं खुंट्या असलेलं टोक) त्यांनी एक छोटा क्लॅम्प लावला आणि म्हणाले आता वाजवा. सहाव्या फ्रेटचा स्वर जिवंत झाला आणि पाचवा थोडा दबला! वजन वाढल्यावर थरथर खाली सरकली, बस. माझ्या अंगावर काटा आला अक्षरशः, इतकी वर्षं मी पिकअपला (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग) दोष देत होते.

माझ्या नेकसाठी उपाय: मेपलचे तीन थर, मध्ये अक्रोडाच्या दोन पातळ पट्ट्या, ट्रस रॉडच्या (नेकचा बाक कमीजास्त करायची आतली सळई) दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या सळ्या, हलके ट्यूनर. त्यांनी स्पष्ट सांगितलं की असा स्वर पूर्ण घालवता येत नाही, दोन स्वरांच्या मध्ये ढकलता येतो किंवा कमी वापरातल्या जागी नेता येतो. पहिल्या लुथिअरने याला पण हो म्हटलं असतं.

७ एप्रिल

कागदावर पक्कं झालं, पहिला हप्ता दिला. पाच तारा, ३३ इंच, नट ४५, ब्रिजवर १७.५ मिमी, बोल्ट-ऑन नेक, २२ स्टीलचे फ्रेट, वजन ३.९ किलोच्या आत. उजव्या हाताला १९ ची सवय आहे, १७.५ वर थोडी अडखळेन, पण १९ मिमी म्हणजे बाहेरच्या दोन तारांमध्ये ७६ मिमी आणि १७.५ म्हणजे ७०, ते सहा मिलिमीटर वरच्या फ्रेटपाशी डाव्या हाताला जाणवतात.

मी विचारलं चुकलं तर? त्यावर त्यांनी बेसवादक अँथनी जॅक्सनचं सांगितलं. त्याने १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या लुथिअरकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला, तारा फार जवळ वाटल्या, मग केन स्मिथकडे गेला, पुढे फोडेराकडे वर्षानुवर्षं एकेक गोष्ट बदलत राहिला आणि त्याचा स्केल तर ३६ इंचावर गेला. मला धीर आला. नेक बोल्टने बसतोय ते पण याच कारणासाठी, पुढेमागे बदलता येईल.

१० मे

पिकअपवर तीन फोन झाले. पुढे प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा (फेंडरने तो १९५७ मध्ये आणला, गुणगुण मारतो), मागे जॅझ आकाराचा पण दोन कॉइल एकावर एक असलेला, कारण साधा सिंगल कॉइल एकटा वाजवला की वीजेची घरघर येते आणि आमच्या प्रॅक्टिस रूमची वायरिंग बेकार आहे.

जागेवर मी अडून बसले होते की पुढचा पिकअप अमुक हार्मोनिकच्या (तारेवर हलकं बोट टेकवलं की उंच सूर निघतो तो बिंदू) बरोब्बर खाली हवा. दादा म्हणाले ते मोकळ्या तारेपुरतं खरं, तुम्ही तिसरा फ्रेट दाबला की तारेची लांबी बदलली आणि तो बिंदूही सरकला. खरंच की. जागा ब्रिजपासूनच्या प्रमाणात घ्यायची, ३४ वरच्या मापाला ३३ भागिले ३४ ने गुणायचं. तेच मिलिमीटर ठेवले असते तर आवाज जरा गोल आणि बोथट झाला असता. प्रीअँप (बेसमधलंच आवाज वाढवणारं सर्किट) नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, पण बटण ओढलं की पूर्ण पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय, बॅटरी संपली तरी गाणं थांबता कामा नये.

२१ जून

वाईट बातमी. नेक पिळला. पहिल्या तासणीनंतर पंधरा दिवस टांगला होता आणि नटच्या बाजूला एका अंगाला जवळपास एक मिलिमीटर वळलाय. ट्रस रॉड नेकचा बाक काढतो, पीळ नाही काढत. फिंगरबोर्ड सपाट करून झाकता आला असता, कुणाला दिसलंही नसतं, पण दादांनी स्वतः फोन करून सांगितलं की हा मी देणार नाही, नवीन करतो, दीड-दोन महिने जास्त लागतील. मला रडू येत होतं खरं सांगायचं तर, ऑगस्टच्या कार्यक्रमात हा बेस घेऊन उभं राहायचं होतं. पण पीळ आलेला दोन आठवड्यांत कळला, दोन वर्षांनी माझ्या हातात कळला असता तर?

१६ ऑगस्ट

नेकला आकार द्यायचा दिवस. हा दिवस मला सगळा लिहायचाय.

नवा नेक सहा आठवडे टांगून झाला, सरळ आहे. पहिल्या फ्रेटपाशी २२ मिमी जाड सोडलेला, मुद्दाम. बॉडीला जोडून पट्ट्यासकट माझ्या गळ्यात दिला, तारा नाहीत. दादांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने दाट गिरवलं, नटपासून सातव्या फ्रेटपर्यंत, सगळं करडं. म्हणाले, "ताई, डोळे मिटा आणि वीस मिनिटं तुमची गाणी वाजवा, मनातल्या मनात."

वाजवली. मग नेक काढून उजेडात उलटा धरला. करड्यामध्ये अंगठ्याने पुसलेला चकचकीत पट्टा, आणि तो मधोमध नव्हताच, बी तारेच्या बाजूला चांगला सेंटीमीटरभर सरकलेला, तिसऱ्या फ्रेटपासून पुढे तर अजूनच. मला कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की अंगठा मध्ये ठेवते.

मग कानस घेऊन जी तारेच्या बाजूचा नेकचा खांदा उतरवायला सुरुवात केली, चार-पाच वेळा घासायचं, परत पेन्सिल, परत माझ्या गळ्यात. जिथे अंगठा टेकतो तिथे थोडी सपाटी ठेवली, बोटं जिथून वळून येतात तिथे उतार. २१.५ ला मला वाटलं झालं. ते म्हणाले अजून एकदा धरा. २१ ला हात एकदम सैल पडला, मी काही केलं नाही, तो आपोआप सैल पडला आणि माझा खांदा खाली आला. अर्धा मिलिमीटर! २०.५ करू का विचारलं त्यांनी, पण वर हेही म्हणाले की फार पातळ नेक पकडायला बोटांना जास्त आवळावं लागतं आणि कडकपणाही जातो. २१ वर थांबलो. शेवटी बारीक पॉलिश पेपर आणि तेलाचा पहिला हात त्यांनी मलाच द्यायला लावला.

घरी येताना बोटांना तेलाचा वास होता, हात धुवावेसे वाटले नाहीत.

१२ सप्टेंबर

फ्रेट बसले, पोकळीत तांब्याचा पत्रा लावून झाला. वजन ३.७५ किलो.

९ ऑक्टोबर

आणला! पहिल्या संध्याकाळी अँपला लावलाच नाही, नुसता मांडीवर घेऊन बी तार वाजवली आणि बॉडीतून ती पोटात जाणवली. उभं राहून हात सोडले, नेक जागेवर राहिला. पुठ्ठ्यावर केलेलं तंतोतंत उतरलंय.

जी तारेवर एकेक फ्रेट तपासला. आठव्यावर स्वर थोडा लवकर ओसरतो, मेलेला नाही, पण सातव्यापेक्षा कमी टिकतो. दादांना लगेच कळवलं, ते म्हणाले महिनाभर तारा आणि नेक बसू द्या, मग बघू.

१६ नोव्हेंबर

पाच आठवडे झाले. १७.५ ची सवय व्हायला पहिले दहा दिवस गेले, ए आणि डी तारेत बोट अडकायचं, आता नाही अडकत. काल अडीच तास उभं राहून प्रॅक्टिस केली, मनगट दुखलं नाही. बरफाची पिशवी काढायची वेळच आली नाही. ड्रमरने विचारलं की तू खालचे स्वर कधीपासून इतके शांतपणे वाजवायला लागलीस.

हवा कोरडी झाल्यामुळे नेकचा बाक थोडा कमी झालाय, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आठव्या फ्रेटपाशी ०.२ मिमी भरला, ऑक्टोबरमध्ये ०.३ होता. ट्रस रॉड एक अष्टमांश फिरवून सैल केला, दुसऱ्या दिवशी परत मोजला, ०.३. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून जी तार पुन्हा तपासली, तर आठवा मोकळा झाला आणि सातवा किंचित दबला. सातवा मी फार वापरते, आठवा क्वचित. रेकॉर्डिंग आणि आकडे दादांना पाठवले. उत्तर आलं, "क्लॅम्प काढून टाका, आहे तसं छान आहे. हवा बदलली की परत मोजा आणि मला कळवा."

क्लॅम्प काढला. पुढची मोजणी मे महिन्यात, कॅलेंडरला टाकून ठेवली.